सही माझीच, पण मी तिथं नव्हतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांच्या आत्याने नर्सच्या नोकरीत साठवलेल्या पैशातून तालुक्याच्या गावी स्वतःच्या नावावर घर घेतलं होतं. आत्याचे यजमान लवकर गेले. दोन मुलगे, थोरला पुण्यात असतो, धाकटा अपघातात गेला. धाकट्याची बायको आणि मुलगी आत्याजवळच राहिल्या आणि आत्याचं आजारपण त्या सुनेनंच काढलं. आत्याने मृत्युपत्र करून घर या सुनेला दिलं. आत्याने सही केली तेव्हा टायपिंग करणारा माणूस हजर होता. साक्षीदार म्हणून पहिली सही त्याची. दुसऱ्या सहीसाठी ही सून, म्हणजे पत्रलेखकांच्या वहिनी, कागद घेऊन पत्रलेखकांच्या शाळेवर आल्या आणि त्यांनी मधल्या सुट्टीत सही करून दिली. दोन-तीन दिवसांनी ते आत्याला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "केलीस ना सही? मीही केलीय. आता मला घोर नाही."

आत्या गेली. थोरल्याने दावा लावला. वहिनींच्या वकिलांनी पत्रलेखकांसाठी सरतपासाचं (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूनंच आधी नोंदवायच्या जबाबाचं) प्रतिज्ञापत्र तयार केलंय, त्यात वाक्य आहे: 'मयताने माझ्यासमक्ष सही केली व मी मयताचे समक्ष सही केली.' हे वाक्य नसेल तर मृत्युपत्र पडेल, असं वकील म्हणतात. पत्रलेखक विचारतात: "आत्याची इच्छा खरी, तिची सही खरी, वहिनीचे कष्ट खरे. मग या एका वाक्यानं काय बिघडतं? मी खरं बोललो तर विधवा बाई आणि तिची मुलगी रस्त्यावर येतील. खोट्या साक्षीबद्दल कुणाला शिक्षा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि गीतेवर हात ठेवावाच लागतो का?"

गुरुजी, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सोपा आहे. गीतेवर हात ठेवावा लागत नाही. ते सिनेमातलं कोर्ट. १९६९ चा शपथ कायदा म्हणतो की ईश्वराच्या नावानं शपथ घ्या, किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यानं प्रतिज्ञा करा. दोन्हींचं वजन सारखंच. त्याच कायद्यात पुढे असंही आहे की शपथ देताना काही चूक झाली, अगदी शपथ द्यायचीच राहून गेली, तरी साक्षीदारावरचं खरं बोलण्याचं बंधन सुटत नाही. त्यामुळे ओठांनी एक म्हणायचं आणि मनात दुसरं, ही जी पळवाट काही भाविक मंडळी काढतात, तिचा कोर्टात काही उपयोग नाही. (आपल्याकडे वतनाच्या तंट्यात गोतसभा, म्हणजे गावकरी-भाऊबंदांची न्यायसभा, बसायची, बेलभंडारा उचलायला लावायचे, आणि कुठूनच उलगडा होईना तेव्हा रवादिव्य, म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. त्या मानानं आताची शपथ फारच सौम्य आहे. म्हणूनच बहुधा ती लोकांना हलकी वाटते.)

पण तुमच्या बाबतीत शपथ साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत थांबणारच नाही. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास तोंडी न होता प्रतिज्ञापत्रावर होतो. नोटरीसमोर किंवा कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही त्या कागदावर सही कराल, त्या क्षणी तुम्ही शपथेवर बोललेले असाल. "नुसती सही करा, पुढचं पुढे बघू" असं कुणी म्हणत असेल तर पुढे बघण्यासारखं फार काही उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या सगळ्या पत्राचा भार एका समजुतीवर आहे: बाजू खरी असेल तर तिच्यासाठी दिलेली साक्ष खोटी कशी? हा विचार तुमच्या आधी फार जणांच्या मनात येऊन गेलाय. इतक्या जणांच्या, की १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत कलम १९१ लिहिताना कायदा करणाऱ्यांनी पहिलंच उदाहरण त्याचं दिलं. क चं ग कडे हजार रुपयांचं येणं आहे आणि ते न्याय्य आहे. ख शपथेवर सांगतो की ग ने हे येणं कबूल करताना मी ऐकलं. ख ने तसं काही ऐकलेलं नाही. कायदा म्हणतो, ख ने खोटी साक्ष दिली. येणं खरं होतं याचा त्याला काडीचा फायदा नाही.

त्याच कलमातलं आणखी एक उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. एक साक्षीदार शपथेवर सांगतो की अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता. वास्तविक साक्षीदाराला त्यातलं काहीच माहीत नाही. कायद्याच्या मते ही खोटी साक्ष आहे, मग तो माणूस त्या दिवशी तिथं असो वा नसो. म्हणजे सांगितलेली गोष्ट योगायोगानं तंतोतंत खरी निघाली तरीही. तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत. शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर बरोबर निघालं म्हणून ती कॉपी नव्हती असं तुम्ही कधी मानलं नसेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक २२७ झाला, पण ही उदाहरणं तशीच राहिली.

तुम्हाला कोर्टात बोलावलंय ते वहिनींचं भलं व्हावं की नाही यावर मत द्यायला नाही, आणि आत्याची इच्छा काय होती हे ठरवायलाही नाही. तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत, एवढंच तुमच्याकडून हवंय. बाकीचं न्यायाधीशांचं काम आहे. तुम्ही मात्र निकाल आधीच देऊन टाकलाय आणि आता त्याला बसेल अशी साक्ष शोधताय.

वकील म्हणतात त्या वाक्याला एवढं महत्त्व का, तेही समजून घ्या. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातलं कलम ६३ मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार मागतं. प्रत्येकानं मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा 'ही सही माझीच' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येकानं स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्यासमोर केलेली असावी. दोघा साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. तुमच्या बाबतीत पहिला भाग काही प्रमाणात जमतो, कारण आत्या स्वतः तुम्हाला म्हणाली की मी सही केलीय. दुसरा भाग मात्र जमत नाही. तुम्ही सही केलीत ती शाळेत, आत्या घरी. याला वळसा घालता येईल असं मला दिसत नाही. तेव्हा वकील चुकीचं सांगत नाहीत. खरं सांगितलंत तर मृत्युपत्र टिकणं अवघड आहे.

पण खोटं सांगितलंत तर ते टिकेल, हे कुणी सांगितलं?

सरतपासाचा कागद वकील लिहून देतात. उलटतपासाची उत्तरं कुणी लिहून देत नाही. थोरल्या भावाचे वकील विचारतील: सही झाली तो वार कोणता? किती वाजता? आत्या पलंगावर होत्या की खुर्चीत? पेन कुणाचं? टायपिंगवाला तुमच्या आधी सही करून गेला की तुमच्या नंतर? आणि मग: त्या दिवशी तुम्ही नोकरीत होता ना? रजा टाकली होती का? शाळेचं मस्टर असतं, त्यावर तुमची सही असते, आणि ते मागवता येतं. एका वाक्याचं खोटं म्हणून तुम्ही पिंजऱ्यात चढाल आणि उतरताना रजेचं, बसचं, पेनाचं आणि पलंगाचं मिळून डझनभर खोटं तुमच्या नावावर निशाणीसह (कोर्टाच्या दप्तरातल्या क्रमांकासह) नोंदलेलं असेल. शिवाय टायपिंगवाल्याचीही साक्ष होईल. तो सरळ माणूस असेल तर म्हणेल, दुसरे साक्षीदार तेव्हा तिथं नव्हते. तो सरळ नसेल तर त्याचा पलंग एका खोलीत आणि तुमचा दुसऱ्या खोलीत निघेल.

यात बळी जातो तो खऱ्या भागाचा. आत्याने राजीखुशीनं सही केली, हे आज निदान टायपिंगवाल्याच्या तोंडून सांगता येण्यासारखं आहे. तुमची साक्ष फुटली की न्यायाधीश त्या सहीकडेही संशयानं बघायला लागतात. ज्या व्यक्तीला फायदा व्हायचाय तीच मृत्युपत्राच्या कामात पुढाकार घेत होती, हे संशयास्पद परिस्थितीचं एक लक्षण म्हणून सर्वोच्च न्यायालय १९५० च्या दशकापासून सांगत आलंय, आणि तसा संशय असला तर तो दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. कागद घेऊन वहिनी स्वतः शाळेत आल्या होत्या. मधल्या सुट्टीत, म्हणजे चार शिक्षकांदेखत.

शिक्षा कुणालाच होत नाही, या तुमच्या निरीक्षणाशी मी वाद घालणार नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानेच २००० साली एका निकालात खंत व्यक्त केली होती की खोटी साक्ष हा कोर्टांमधला रिवाज होऊन बसलाय, साक्षीदार खोटं बोलतोय हे न्यायाधीशाला कळत असतं आणि तरी तक्रार करण्याची त्याची तयारी नसते. कायद्यात न्यायालयीन कामातल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण हा गुन्हा पोलिसात जाऊन नोंदवता येत नाही. ज्या कोर्टात खोटं बोललं गेलं, त्या कोर्टाला वाटलं पाहिजे की याची चौकशी होणं न्यायाच्या हिताचं आहे, आणि मग कोर्टानं स्वतः लेखी तक्रार करायची. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली व्हायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७९ खाली होतं. हातात आधीच शेकडो दावे तुंबलेले असताना कोणता न्यायाधीश हा उद्योग मागे लावून घेईल? म्हणून फारसं कुणी सापडत नाही. बेस्ट बेकरी खटल्याची फेरसुनावणी मुंबईत झाली, त्यातल्या वारंवार जबाब फिरवणाऱ्या मुख्य साक्षीदाराला २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक वर्षाची कैद सुनावली. तीही न्यायालयाच्या अवमानाबद्दल. अशी उदाहरणं लक्षात राहतात ती विरळ म्हणूनच.

मात्र कोर्टाला अशी चौकशी करा म्हणून अर्ज कोण देतं, याचा विचार करा. बहुतेक वेळा समोरचा पक्षकार. आणि भाऊबंदकीच्या दाव्यात समोरच्याकडे चिकाटी आणि राग दोन्ही भरपूर असतात. अर्ज मंजूर झाला नाही तरी त्याला उत्तर द्यायचं, वकील लावायचा, तारखांना हजर राहायचं, वर अपील झालं तर तिथंही जायचं, हे सगळं तुमच्या वाट्याला. दावा वहिनींचा, आणि तुमच्या मागे लागलेलं लचांड मात्र तुमचं एकट्याचं. तुम्ही पेन्शनर आहात. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन रोखण्याचा अधिकार सरकारकडे असतो. हे घडेलच असं नाही. पण ज्यांनी तुम्हाला 'काही होत नाही' असं सांगितलं, त्यांची पेन्शन पणाला लागलेली नाही.

आता 'रस्त्यावर येतील' हे वाक्य. माझ्या मते तुम्हाला खरी भीती याचीच आहे, आणि ती निम्मी तरी चुकीच्या माहितीवर उभी आहे. मृत्युपत्र पडलं म्हणजे घर आपोआप थोरल्याचं होत नाही. घर आत्याच्या स्वतःच्या मालकीचं होतं. मृत्युपत्र नाही असं धरलं, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे ते तिच्या मुलांना जातं, आणि जो मुलगा आधी वारला त्याचा वाटा त्याच्या मुलांना मिळतो. आत्याला मुलगी नव्हती असं तुमच्या पत्रावरून दिसतं. म्हणजे निम्मं घर थोरल्याचं आणि निम्मं धाकट्याच्या मुलीचं. वहिनींना स्वतःला सून म्हणून यात वाटा मिळत नाही, हे खरं आणि टोचणारं आहे. ज्या बाईनं सगळं केलं तिचं नावच वारसांच्या यादीत नसावं, हा कायद्याचा कोरडेपणाच. पण तिच्या लेकीचा अर्धा हिस्सा कुणाच्याही साक्षीवर अवलंबून नाही. तुमच्या एका वाक्यावर त्या दोघींचं छप्पर उभं आहे, असा समज करून तुम्ही रात्री जागताय. तो आधी बाजूला ठेवा. हे वहिनींना कुणी नीट समजावून सांगितलंय का? मला शंका आहे.

वकिलांबद्दलही एक विचारते. तुम्ही सही शाळेत केली, हे त्यांना माहीत आहे का? तुमच्या पत्रात तसं कुठंच नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र म्हटलं की 'माझ्यासमक्ष' आणि 'त्यांचे समक्ष' हा परिच्छेद जवळजवळ छापील असतो. मागच्या दाव्यातला उचलून नाव-गाव बदलून तो तुमच्यापुढे आला असण्याची शक्यता बरीच आहे. माझं म्हणणं, वाईट हेतू गृहीत धरण्याआधी त्यांना भेटा आणि घडलं ते घडल्या क्रमानं सांगा. माहीत नसलेल्या वकिलानं चुकीचा मसुदा करणं वेगळं आणि माहीत झाल्यावर तोच मसुदा पुढे करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात त्यांची सनदही धोक्यात येते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. बहुतेक वकील हे ऐकल्यावर एकतर मजकूर बदलतात किंवा तुम्हाला साक्षीदार म्हणून वगळतात. आणि हे ऐकूनही "चालतं हो गुरुजी" म्हणणारे भेटले, तर स्वतःसाठी वेगळा वकील गाठा. ते वकील वहिनींचे आहेत, तुमचे नाहीत, हे एरवीही लक्षात असू द्या.

मधला मार्ग म्हणून लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे समन्स चुकवायचं, तारखेला आजारी पडायचं. त्यानं काही दिवस निघतात. पण समन्स बजावलेला साक्षीदार आला नाही तर कोर्ट वॉरंट काढू शकतं, दंड करू शकतं, आणि तुम्हाला थोरल्याची बाजूही बोलावू शकते. दुसरी म्हणजे 'आठवत नाही'. आपल्या कोर्टांतलं हे सर्वात लाडकं खोटं. नरो वा कुंजरो वा. तुम्हाला मधली सुट्टी आठवतेय, वहिनी आल्या ते आठवतंय, आत्याचे शब्दसुद्धा आठवतायत. आठवत असताना 'आठवत नाही' म्हणणं ही शपथेवरची खोटी माहितीच आहे. आणि व्यवहारातही ते कुचकामी, कारण त्यानं वहिनींचं मृत्युपत्र शाबीत होत नाही आणि तुमची सुटकाही होत नाही. खरोखरच न आठवणाऱ्या गोष्टींना, समजा तारीख किंवा वार, 'आठवत नाही' जरूर म्हणा. तिथं ते खरं आहे.

तुम्ही खरं सांगितलंत तर तुमच्या त्या जुन्या सहीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुम्हाला छळत असणार. न पाहता साक्षीदार म्हणून सही केली, हे तुम्हाला कबूल करावं लागेल, आणि ते लाजिरवाणं आहे. इथे पुरावा कायद्यातली एक तरतूद माहीत असू द्या (जुन्यात कलम १३२, नव्या साक्ष अधिनियमात १३७). साक्षीदाराला 'उत्तर दिलं तर मी अडकेन' म्हणून उत्तर टाळता येत नाही; पण कोर्टानं उत्तर द्यायला भाग पाडलं असेल तर ते उत्तर त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अपवाद एकच: ते उत्तरच खोटं असेल तर. पण हे संरक्षण भाग पाडलेल्या उत्तराला आहे, आपणहून लिहून दिलेल्या कागदाला ते तसंच मिळेल असं धरून चालू नका. म्हणूनच बोलण्याआधी स्वतःच्या वकिलाशी एक तास बसा. या सदरातलं लिखाण त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तुमचा खरा उपयोग कोर्टाच्या पिंजऱ्यात नाहीच. तो पुण्याच्या आतेभावाच्या दिवाणखान्यात आहे. पुरावा सुरू होण्याआधी हा दावा तडजोडीनं मिटवता येण्यासारखा आहे. थोरल्यालाही सगळं सोपं नाही. निम्मं घर पुतणीचं आहेच, उरलेल्या निम्म्यासाठी वाटपाचा दावा, हुकूमनामा, अपील यात किती वर्षं जातील ते त्याचे वकील त्याला सांगतीलच. वहिनींना घरात राहायचंय, त्याला बहुधा पैसे हवेत किंवा मान हवाय. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील होत नाही आणि कोर्ट फी परत मिळते. वहिनींना स्त्री म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं.

आणि या बोलण्यात तुमच्या शब्दाला वजन येईल ते कशामुळं? 'मला खोटं लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र मी परत केलं' असं सांगणारा माणूस जेव्हा पुढे म्हणतो, 'पण दादा, आत्या मला स्वतः म्हणाली होती की आता मला घोर नाही', तेव्हा त्या दुसऱ्या वाक्यावर अविश्वास दाखवणं कठीण जातं. कायद्याच्या दृष्टीनं आत्याचे ते शब्द मृत्युपत्राची त्रुटी भरून काढत नाहीत. मुलाच्या मनात मात्र ते उतरू शकतात. खोटी साक्ष देऊन बसलात की मग तुम्ही फक्त वहिनींच्या गोटातले एक.

अर्थात, तो ऐकणार नाही अशीही शक्यता आहे. काही भाऊ ऐकत नाहीत. मग दावा चालेल, तुम्हाला बोलावलं तर तुम्ही घडलं ते सांगाल, मृत्युपत्र कदाचित पडेल आणि घराचे दोन वाटे होतील. वाईट वाटेल. पण ते मृत्युपत्र पडेल तर ते नीट न केल्यामुळं पडेल, तुम्ही खरं बोललात म्हणून नाही.

वहिनींशी मात्र सगळ्यांत आधी बोला, वकिलांच्याही आधी. त्यांना ही गोष्ट वकिलांच्या फोनवरून कळू देऊ नका. पाल्हाळ न लावता सांगा: "वहिनी, सही माझीच आहे, ती मी कधी नाकारणार नाही. आत्या मला काय म्हणाली तेही सांगेन. पण ती सही करताना मी तिथं होतो असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मुलीचा अर्धा वाटा कुठं जात नाही. उरलेल्याचं मी दादाशी बोलतो." त्या चिडतील. कदाचित काही महिने बोलणारही नाहीत. सहा वर्षं सासूचं केलेल्या बाईला 'कायद्यात बसत नाही' हे ऐकणं अपमानासारखं वाटतं, तेव्हा तो राग तुमच्यावर निघाला तर निघू द्या. थोरल्याकडे जाऊन 'मी तिथं नव्हतो' हे तुम्ही आपणहून सांगायची गरज नाही. विचारल्यावर खोटं न सांगणं आणि न विचारता एका बाजूचं हत्यार होणं यात फरक आहे.

तुमच्यासारखी सही करून बसलेले आणि पुढे करणारे खूप जण हे वाचत असतील, त्यांच्यासाठी चार शब्द. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही मागितली तर आधी त्या माणसासमोर जाऊन बसा, त्याला सही करताना बघा, मग त्याच्यादेखत तुमची करा. 'घरी जाऊन वाचतो आणि करतो' हे चालत नाही. वाचायची तर गरजही नाही. आत काय लिहिलंय ते साक्षीदाराला माहीत असावं असा नियम नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्यावी, कारण तिथं सगळ्यांना एकत्र हजर राहावं लागतं आणि असले शाळेतले सह्यांचे प्रकार टळतात. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयानं लहान आणि घराच्या वाट्याशी संबंध नसलेला निवडा. ज्याला मिळकत मिळणार आहे त्यानं कागदाची ने-आण करू नये. आणि कुणी साक्ष फिरवण्यासाठी धमकावत असेल, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहितेचं कलम २३२). तिथं गप्प न बसता पोलिसांकडे जा.

गुरुजी, एक गोष्ट तुमच्या पत्रात स्पष्ट नाही. प्रतिज्ञापत्र 'तयार केलंय' म्हणता. त्यावर तुमची सही झालीय की नाही? झाली नसेल तर वरचं सगळं लागू. झाली असेल आणि ते अजून कोर्टात दाखल झालं नसेल, तर आजच ते परत मागा आणि दाखल करू नका असं वकिलांना लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. दाखलही झालं असेल तर घाबरून गप्प बसू नका. साक्षीला उभं राहिल्यावर आधी विचारतात, 'प्रतिज्ञापत्रातला मजकूर बरोबर आहे का?' तिथंच सांगायचं की अमुक परिच्छेद बरोबर नाही, आणि घडलं ते सांगायचं. एकदा शपथेवर चुकीचं लिहून दिल्याचा दोष त्यानं पुसला जाईलच असं नाही, पण उलटतपासात पकडले जाण्याआधी आपणहून दुरुस्त केलं, ही गोष्ट पुढे चौकशी करायची की नाही हे ठरवताना कोर्टापुढे असते. या तिसऱ्या परिस्थितीत असाल तर मात्र स्वतःच्या वकिलाला भेटल्याशिवाय तारखेला जाऊ नका.